पिल्लं साडेसहा आठवड्यांची झाली : कोंबड्या किती नि कोंबडे किती, कसं ओळखायचं?

अनगोळची_चिमणी | २७ जुलै, रात्री ९:१२

प्रश्न कोंबड्यांचा आहे आणि परवाच श्रावण लागलाय, तेव्हा हसणाऱ्यांनी आधीच हसून घ्या.

घर अनगोळला, मागे अर्ध्या गुंठ्याचं परडं. मे महिन्यात माहेरी खानापूरकडे गेले होते, तेव्हा आईची एक जवारी (गावरान) कोंबडी खुडूक झालेली, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली होती. तिला डालग्यात आणि अकरा अंडी भाताच्या कोंड्यात घालून आणलं, पेंढ्यावर रवणीला बसवलं. एकविसाव्या दिवशी, म्हणजे वटपौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी, नऊ पिल्लं बाहेर पडली. दोन अंडी नासली. त्याच आठवड्यात लेकीनं भर बाजारात रडून रंगवलेली तीन पिल्लं घ्यायला लावली, दोन गुलाबी आणि एक हिरवं. हिरवं चौथ्या दिवशी गेलं. गुलाबी दोघांचा रंग जुन्या पिसांबरोबर उतरला, आता ती पांढरीशुभ्र आहेत.

अडचण अशी की आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे. शेजारचे काका निवृत्त, झोप सावध. पिल्लं बघायला म्हणून आले आणि जाताना "अंडी कधीही द्या, पण कोंबडा नको हं" एवढं सांगून गेले. सासूबाई म्हणतात, कोंबडे निघाले तर खांडेनवमीला बघू. लेकीनं अकराही जणांना नावं ठेवून टाकलीत, त्यामुळे खांडेनवमीचा विषय घरात कुजबुजतच निघतो. मला एवढंच हवंय की कोंबडे वेळीच ओळखून माहेरी पाठवून द्यावेत.

माझा अंदाज : दोन्ही पांढरी नक्की कोंबड्या. पांढऱ्या लेगहॉर्न भरपूर अंडी देतात ना? आणि यांचे तुरे इतके लाल आहेत की तब्येत छान दिसते. जवारी नऊंचं मात्र काही उमगत नाही. आतापर्यंत मिळालेले सल्ले : दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धर, पायाला धरून उलटं लोंबकळव, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो. अंडी बसवताना मी कुठली टोकदार ते बघितलंच नव्हतं.

चंदगडी_काजू | २७ जुलै, रात्री ९:३०

पांढरी दोन्ही कोंबडे. अभिनंदन. काकांना कानात घालायला कापूस नेऊन द्या.

अनगोळची_चिमणी | २७ जुलै, रात्री ९:३४

न बघता कसं काय सांगितलंत?

निपाणीचा_धूर | २७ जुलै, रात्री ११:०५

काजूचं बरोबर आहे, कारण मी सांगतो. आठ वर्षं एका हॅचरीत होतो (कुठल्या ते राहू दे).

अंड्यांसाठीच्या जातीत नराला काही किंमत नसते. अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं मांसही भरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. माद्या अंडी उत्पादकांकडे जातात. नर बहुतेक त्याच दिवशी मारले जातात, आणि काही कवडीमोल भावानं फिरत्या विक्रेत्यांकडे जातात. तेच पुढे गुलाबी-हिरवे होऊन यात्रेत नि बाजारात पाटीत दिसतात. म्हणजे रंगवलेलं पिल्लू घेतलं की तो नर, असं धरून चालायचं. निवडणाऱ्याच्या हातून एखादी मादी चुकून गेली तरच वेगळं. त्यात तुम्ही म्हणता सहा-साडेसहा आठवड्यांत तुरा लालभडक. लेगहॉर्नच्या तलंगीचा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा) तुराही पुढे मोठा होतो, पण या वयात तो लहान आणि पिवळट-फिकट असतो.

निवड कशी करतात ते खूप जण विचारतात. पिल्लू एका हातात धरून आधी पोटातली घाण दाबून काढायची, मग मागचं द्वार अलगद उलटून दिव्याखाली बघायचं. नरात आत मोहरीपेक्षा बारीक उंचवटा दिसतो. गंमत अशी की काही माद्यांतही तो असतो, फक्त आकार नि चमक वेगळी. ती नजर बसायला वर्ष-वर्ष जातं. ही विद्या जपानची, मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२०-३०च्या दशकांत ती जगापुढे आणली. बसलेला हात तासाला हजाराच्या आसपास पिल्लं काढतो. मी तीन महिने प्रयत्न केला. शेवटी मला खोकी भरायच्या कामाला लावलं, यावरून काय ते समजा.

घरी हे करू नका. पिल्लाच्या पोटात तेव्हा बलक शिल्लक असतो, चुकीचा दाब पडला की आतडं जातं. आणि एक-दीड दिवसानंतर तसंही दिसत नाही.

दुसरी पद्धत पंखाची. पहिल्या दिवशी पंख पसरायचा : पंखाची लांब पिसं वरच्या झाकणाऱ्या पिसांपेक्षा मोठी असली तर मादी, दोन्ही सारखी असली तर नर. पण हे फक्त त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या संकरात चालतं, जिथे बाप लवकर पिसं फुटणारा आणि आई उशिरा फुटणारी असते. व्हिडिओ बघून जवारी पिल्लाचे पंख ताणत बसणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

अनगोळची_चिमणी | २७ जुलै, रात्री ११:२०

लेकीनं त्या दोघांची नावं राणी आणि लक्ष्मी ठेवलीत हो.

चंदगडी_काजू | २७ जुलै, रात्री ११:२२

राणी सरकार पहाटे चारला दरबार भरवणार.

जांबोटीची_मावशी | २८ जुलै, सकाळी ६:४०

पोरी, ती अंगठी-बिंगठी सोड. आमच्या खुराड्यात पन्नास वर्षं कोंबड्या हायत, मी सांगते तसं कर.

एकच पिल्लू हातात घेऊन बघत बसलीस तर काय म्हणून कळायचं नाही. सगळी एका रवणीची ना? मग सकाळी एकदम सोड, कण्या टाक नि पायरीवर चहा घेऊन बस. नऊ पिल्लं एकमेकांशेजारी दिसली पाहिजेत. ज्यांचा तुरा बाकीच्यांपेक्षा रुंद आणि गुलाबी व्हायलाय ते नर. ज्यांचा तुरा अजून पिवळट, बारीक करवतीगत, त्या तलंगा. पाय बघ. नराची नळी जाड, पंजा मोठा, चालताना टाच आपटल्यागत चालतंय. तलंगीचा पाय बारीक. शेपटी उलट असतेय, ही गोष्ट लोक चुकतात. ज्याला आधी शेपूट आली, अंग आधी भरलं ती बहुतेक तलंग. नर महिनाभर पाठीवर उघडा, शेपटीला नुसतं बोट, गबाळ्यासारखा हिंडत असतंय. नंतर देखणं होतंय.

आणि चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, ती नराला आधी दिसाया लागते.

घार आली की बघ. नर मान ताठ करून उभा राहतंय, तलंगा आईकडं पळतात.

गणित_सोपं_करा | २८ जुलै, सकाळी १०:१५

मावशींशी घार सोडून सगळ्यावर सहमत. ताठ उभं राहणं हा स्वभाव आहे. आमच्याकडची एक तलंग बोक्यावर धावून जायची आणि तीच पुढे सगळ्यात जास्त अंडी द्यायला लागली. वागण्यावरून काढलेला अंदाज शेवटी ठेवावा.

अंगठीबद्दल. दोरा हाताच्या न कळणाऱ्या हालचालीनं फिरतो, आणि मनात जे असेल त्या बाजूला फिरतो. तरी निम्म्या वेळा बरोबरच येणार, कारण पर्यायच दोन आहेत. ज्याला विश्वास आहे त्यानं डोळे बांधून आरवणाऱ्या कोंबड्यावर अंगठी धरून दाखवावी.

अंड्याच्या आकाराचंही तसंच. आकार ठरतो कोंबडीच्या अंडनलिकेत, पिल्लाचं लिंग त्याच्या आधीच ठरलेलं असतं. पक्ष्यांत नराकडे दोन सारखी गुणसूत्रं असतात आणि मादीकडे दोन वेगळी, म्हणून नर की मादी हे कोंबडीचं बीज ठरवतं, कोंबड्याचं नाही. माणसात उलटं, तिथे बापाकडून ठरतं. (पिढ्यान्‌पिढ्या सुनांना बोल लावणाऱ्यांनी निदान खुराड्यात तरी बरोबर ठिकाणी बोल लावला असता.) उबवण्याच्या उष्णतेनंही फरक पडत नाही. मगरीत आणि काही कासवांत पडतो, कोंबडीत नाही.

हिंडलग्याचा_पाव्हणा | २८ जुलै, दुपारी १२:५०

आमच्या आजीची अंगठी आयुष्यात चुकली नाही. शास्त्राला सगळंच कळतं असं नाही.

चंदगडी_काजू | २८ जुलै, दुपारी १:०२

चुकलेल्यांचा रस्सा झाला असेल, पुरावा शिल्लक कुठला राहायला.

बैलहोंगल_बस | २८ जुलै, दुपारी ३:३०

आमच्या घरात हा प्रश्न दोन भाषांत चालतो. आई कन्नड, ती म्हणते "हुंज का हेंटे बघ". हुंज म्हणजे कोंबडा, हेंटे म्हणजे कोंबडी. आमच्याकडच्या बाजारात हे दोन शब्द येत असले की भाव करणं सोपं जातं. विकणारा मात्र दोन्ही भाषांत सगळ्यांनाच हेंटे म्हणतो.

गिरिराज किंवा स्वर्णधारा घेतलेल्यांसाठी एक सांगून ठेवतो. दोन्ही जाती बेंगळुरूला तयार झालेल्या आहेत. गावाकडे पिल्लं मिळतात ती नर-मादी मिसळूनच, निवडलेली मिळतील असं धरू नका. गिरिराज अंगानं भारी, दोघांचेही पाय जाड, म्हणून पायावरून ठरवाल तर सगळेच कोंबडे वाटतील. तिथे तुरा आणि पिसं बघा. कडकनाथाला तर लाल-गुलाबीची परीक्षाच नाही, तुरा मुळात काळपट. तिथे रंग सोडून आकार बघायचा.

अनगोळची_चिमणी | २९ जुलै, सकाळी ८:००

मावशी, चहा घेऊन बसले. चहा निवला तरी उठले नाही.

तिघांचे तुरे सरळ सरळ गुलाबी आणि पाय जाड. चौघी फिकट, बारीक, शेपट्या व्यवस्थित. यातल्या तिघी तितराच्या रंगाच्या आहेत. उरली दोन, तिथे अडलं. एक पूर्ण काळं (नाव काळुबाई), तुरा मधला, ना इकडे ना तिकडे. दुसरं चिंगी : तिचा तुरा उभा नाहीच, चपटा आहे, वाटाणे ओळीनं ठेवल्यासारखा. पाय मात्र सगळ्यांत जाड, आणि भांडखोर. कण्यांवरून राणीलाही टोचते. टोचतो?

जांबोटीची_मावशी | २९ जुलै, सकाळी ८:३५

चिंगी नर. लिहून ठेव.

निपाणीचा_धूर | २९ जुलै, दुपारी २:१०

तुमच्या आईच्या कळपात कधीतरी असील, म्हणजे झुंजीच्या जातीचं, रक्त आलेलं दिसतंय. तसल्या चपट्या तुऱ्यात उंची बघून उपयोग नाही. त्याला तीन ओळी असतात, मधली ओळ रुंद नि लाल व्हायला लागली तर नर. असील जातीत मादीचेही पाय जाड आणि डोकं गरम असतं, म्हणून मी अजून काही बोलत नाही. मावशी रागावू नयेत.

तितराच्या रंगाच्या पिल्लांसाठी सोपी खूण : छाती बघा. त्या रंगात कोंबड्याची छाती काळी होत जाते, पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तपकिरीत काळी पिसं घुसायला लागतात. कोंबडीची छाती पिवळट-तांबूसच राहते. सरसकट काळ्या किंवा पांढऱ्या पिल्लाला ही खूण लागू नाही, काळुबाईला थांबावंच लागेल.

आणि ज्या खुणेवर मी पैज लावतो ती बारा आठवड्यांची. शेपटीच्या मुळाशी, कमरेवरून दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं बघा. कोंबडीची पिसं रुंद, गोल टोकाची असतात. कोंबड्याची अरुंद, निमुळती, चकचकीत, झालर सोडल्यासारखी. मानेचीही तशीच. एखादी जात मुळातच कोंबडीसारख्या पिसांच्या कोंबड्यांची असते, पण ती तुमच्या परड्यात येणार नाही. नखीवर (पायामागच्या काट्यावर) जाऊ नका. ती उशिरा येते आणि म्हाताऱ्या कोंबड्यांनाही येते.

अनगोळची_चिमणी | २९ जुलै, दुपारी २:२५

तितराच्या तिघींच्या छात्या तांबूस. चला, तिघी पक्क्या. बाकीचं बारा आठवड्यांनंतर. श्रावणात तसाही कुणाला धोका नाही.

हिंडलग्याचा_पाव्हणा | ३० जुलै, रात्री ८:४५

विषय निघालाच आहे तर, कोंबडी आरवली तर घरात वाईट होतं म्हणतात ते काय? आमच्या वाड्यात एक आरवली होती, दुसऱ्या दिवशी कापली.

गणित_सोपं_करा | ३० जुलै, रात्री ९:३०

वाईट झालं ते कोंबडीचं. कोंबडीत सहसा फक्त डावा अंडाशय काम करतो, उजवा लहानच राहतो. डावा रोगानं निकामी झाला तर कधी कधी उजव्या बाजूची ग्रंथी नरासारखी वागायला लागते. मग तुरा वाढतो, पिसं बदलतात, आरवतेही. युरोपात याच्या उलटी भीती होती. १४७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला भरून त्याला जाळलं होतं. तो बहुधा कोंबडा नव्हताच, असली एखादी कोंबडी असणार. म्हणजे नर-मादी ओळखण्यात चूक करणारे आपण पहिले नाही.

चंदगडी_काजू | ३० जुलै, रात्री ९:३३

खटला आपल्याकडे चालला असता तर कोंबडा म्हातारा होऊन मेला असता, तारीख पडत राहिली असती.

अनगोळची_चिमणी | २९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

महिन्यानं लिहितेय. घरात गणपती. आज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी राणी आरवली. आरवला.

आरवणं कसलं, बंद पडलेली लुना सुरू करताना येतो तसला आवाज. तीनदा. सासूबाईंना वाटलं कुणाला तरी उमासा आला. काका आरतीला आले तेव्हा काही बोलले नाहीत, पण प्रसाद घेताना माझ्याकडे बघून "उठवतो बरं का वेळेवर" म्हणाले.

निपाणीचा_धूर | २९ ऑगस्ट, सकाळी ९:२०

अकरा आठवड्यांत आरवला म्हणजे थोडा लवकर, पण लेगहॉर्न नर लवकरच सुरू करतात. जवारी बरेचदा चार-पाच महिने घेतात.

अनगोळची_चिमणी | ८ सप्टेंबर, रात्री ८:५०

गणपती गेले, त्याबरोबर राणी आणि गुलाबी तुऱ्याचे दोन जवारी माहेरी गेले. जायच्या आधी कमरेची पिसं बघितली. निपाणीकर, तुमची झालर अगदी तशीच, उन्हात तांब्यासारखी चमकत होती. ज्या चौघींना कोंबड्या म्हटलं होतं त्यांची पिसं गोल. तिसरा गुलाबी तुऱ्याचा आणि लक्ष्मी अजून आरवत नव्हते म्हणून लेकीनं रडून ठेवून घेतले.

आता ऐका. राणी गेल्याला दोन दिवस झाले नाहीत तोवर लक्ष्मी सुरू. आधी महिनाभर हूं की चूं नव्हतं. मी म्हटलं, हा काय एकाचा आवाज दुसऱ्यात शिरला की काय!

गणित_सोपं_करा | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

शिरला म्हणायला हरकत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबड्याचं पहाटेचं आरवणं त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालतं. सतत मंद प्रकाशात ठेवलं तरी ते वेळ धरून आरवतात. २०१५ मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं : कळपात ज्याचा मान पहिला तो आधी आरवतो, बाकीचे मानाप्रमाणे त्याच्यामागून. पहिल्याला काढून घेतलं की दुसरा सुरुवात करतो. लहान वयात वरचढाच्या धाकानं तोंड मिटून बसलेला असेल तर आता मोकळा झाला. म्हणून आरवला नाही म्हणजे कोंबडी, असं कधी समजू नका.

जांबोटीची_मावशी | ९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

थोरली जाऊ गेली की धाकटीला कंठ फुटतोय, त्याला जपानला कशाला जायला पाहिजे. चिंगीचं काय झालं ते सांग.

अनगोळची_चिमणी | ९ सप्टेंबर, सकाळी ७:००

चिंगीची कमरेची पिसं गोल दिसतात मावशी, पण तुरा लालसर व्हायलाय आणि भांडण तेच. काळुबाईची पिसं निमुळती निघाली, शेपटीत कोयत्यासारखी दोन वाकडी पिसं आलीत. काळुबाईचा काळूबा झाला. त्याला, लक्ष्मीला आणि तिसऱ्या गुलाबीला येत्या रविवारी पाठवतेय. लेकीला सांगितलंय की आजीकडे जागा मोठी आहे. खोटं नाही ते. आईनं दोन कोंबडे कळपासाठी राखणार असं कबूल केलंय. कुठले ते मी विचारलं नाही, बाकीच्यांचंही विचारलं नाही.

जांबोटीची_मावशी | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१०

चिंगीला पण पाठव. पिसं काय बघतीस, नजर बघ तिची.

अनगोळची_चिमणी | २० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

फोटो चढत नाहीये, म्हणून लिहूनच सांगते. आज सकाळी साडेसातला चिंगीनं अंडं दिलं. पेंढ्यात नाही, सासूबाईंच्या वाळत घातलेल्या शालीवर. लहानसं, फिकट तपकिरी, एका बाजूला रक्ताची बारीक रेघ. पहिलं असेल तर असं होतं ना? बाकीच्या चौघी अजून नुसत्याच ओरडत फिरताहेत.

निपाणीचा_धूर | २० नोव्हेंबर, सकाळी १०:००

होय, पहिल्या अंड्याला होतं कधीकधी. रोज दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. चिंगीला जास्तीचा शिंपला-चुना द्या.

जांबोटीची_मावशी | २० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

असील रक्त. आमच्याकडच्या जवारीत असलं नसतंय. पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा चुकले.

चंदगडी_काजू | २० नोव्हेंबर, सकाळी १०:४२

पहिली कधी?

जांबोटीची_मावशी | २० नोव्हेंबर, सकाळी १०:४५

तुझं लग्न ठरल्यावर सांगते.

अनगोळची_चिमणी | २० नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

काकांना अंडं नेऊन दिलं. त्यांनी विचारलं, "हे बसवलं तर पिल्लू निघेल ना?" म्हटलं कोंबडा सप्टेंबरातच गेला, नुसतं खायचं अंडं आहे. तर म्हणे, "मग एखादा ठेवायचा होता की."

हिंडलग्याचा_पाव्हणा | २१ नोव्हेंबर, दुपारी ४:००

आमच्याकडे सहा पिल्लं आहेत, दोघांच्या माना वाकड्या व्हायला लागल्यात, पाय ओढतात. मानमोडी असेल का? आणि अंगठी धरून बघितली, चार माद्या आल्या.

निपाणीचा_धूर | २१ नोव्हेंबर, दुपारी ४:०६

अंगठी खाली ठेवा. त्या दोघांना आत्ताच बाकीच्यांपासून लांब करा, भांडी वेगळी, हात धुऊन मगच दुसऱ्यांना हात लावा, आणि आजच्या आज जनावरांच्या दवाखान्यात जा. लस दिली होती का, कधी, ते लिहून न्या. नवा धागा काढा, इथे कुणी बघणार नाही.